फुलदाणीवरचं धुकं

डॉक्टरांना माणसं लक्षात राहत नसत, दाढा राहत. रस्त्यात कुणी हात वर करून ओळख दाखवली तर ते कोऱ्या चेहऱ्याने बघत राहायचे, आणि तो माणूस हसला की एकदम खुलायचे. "अरे, तुम्ही होय! वरची डावी, सगळ्यात मागची. काय म्हणतेय?" बायकोला पहिल्या भेटीत त्यांनी "तुमचा सुळा फार सुरेख आहे" असं म्हटलं होतं. तिने तो विनोद समजून लग्नाला होकार दिला. विनोद नव्हता हे कळेपर्यंत फार उशीर झाला होता.

कुणाच्या घरी फोटोंचा अल्बम पुढ्यात आला की बायको मनातल्या मनात जीव मुठीत धरायची. डॉक्टर पानं उलटत, आणि चहा गार व्हायच्या आत त्या अख्ख्या घराण्याच्या हिरड्यांचा इतिहास सांगून मोकळे होत. "हे तुमचे आजोबा? दात स्वतःचे नाहीत. या आत्याबाई हसताना मान डावीकडे का वळवतात ठाऊक आहे? उजवीकडे दोन नाहीत." लोक पुन्हा अल्बम काढत नसत.

दवाखान्याची बाहेरची खोली लांबट, अरुंद. एका लोखंडी पट्टीवर ठोकलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचा कूलर, आणि एक मासिक, ज्यातलं शब्दकोडं कुणीतरी अर्धवट आणि चुकीचं सोडवलेलं होतं. समोरच्या भिंतीवर डॉक्टरांनी स्वतः निवडलेला एक फोटो होता: किडलेली दाढ, प्रवासी बॅगेएवढी मोठी केलेली. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'आज दुर्लक्ष, उद्या ही अवस्था!' हा फोटो बघून लोक शहाणे होतील अशी त्यांची अपेक्षा होती. पण लोक तो फोटो बघत, गालावरून हात फिरवत, आणि त्यांना एकदम घरी गॅस चालू राहिल्याचं आठवत असे.

"या गावात एवढे गॅस चालू राहतात," काउंटरवरची बाई म्हणायची, "तर आगी कशा लागत नाहीत?" तिला सगळे नंबरबाई म्हणत. नंबर पुकारताना तिचा आवाज असा लागायचा की खालच्या गल्लीतला किल्लीवाला दचकून वर बघायचा. नंबर चुकवून कुणाला आत सोडलं, असं तिच्या हातून कधी झालेलं नव्हतं.

बायकोची थोरली बहीण, जिला डॉक्टरही ताई म्हणत, आयुष्यभर पोस्टात पार्सलच्या खिडकीमागे बसली होती. निवृत्त झाल्यावर ती चित्रं काढायला लागली. आधी वहीएवढी, मग खिडकीएवढी. शेवटी एक चित्र तिने इतकं मोठं काढलं की ते दारातून बाहेर निघेना. कापड आत नेलं तेव्हा गुंडाळलेलं होतं, चौकट आत ठोकली, आणि दाराची मापं घ्यायचं राहून गेलं. जन्मभर दुसऱ्यांच्या पार्सलांची मापं घेतलेल्या बाईकडून हे व्हावं याचं तिला स्वतःलाच भारी हसू आलं. ते चित्र गॅलरीतून दोरांनी खाली सोडलं. खाली डॉक्टर हात पसरून उभे होते.

"सांभाळा हं," वरून ताई ओरडली. "ते तुमचंच आहे!"

"माझं?"

"एवढी मोठी भिंत आणखी कुणाकडे आहे?"

सासरच्या माणसाला नाही म्हणायची हिंमत डॉक्टरांत नव्हती. किडलेली दाढ उतरली, चित्र चढलं. सगळे मागे सरकून बघायला लागले. चित्र राखाडी होतं. म्हणजे एकच राखाडी नव्हे. कुठे राखेचा, कुठे ओल्या पाटीचा, कुठे कबुतराच्या मानेचा. वरच्या उजव्या कोपऱ्यातून एक रुंद पांढरा पट्टा तिरका खाली आला होता, आणि त्याच्या खाली डावीकडे बोटाच्या पेराएवढा एक लाल ठिपका.

"काय आहे हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"चित्र," ताई म्हणाली.

"ते कळलं. कशाचं?"

"तुम्हाला काय दिसतं?"

"दातांवर साचलेलं कीटण," डॉक्टर अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. बायकोने त्यांच्या पायावर पाय दिला.

*

दुसऱ्या दिवशी पहिला पेशंट होता एक बसड्रायव्हर. गाल असा सुजलेला, की चेहऱ्याच्या एकाच बाजूला जास्त प्रवासी बसल्यासारखे वाटावेत. तो कण्हत खुर्चीत बसला, समोर बघितलं, आणि थोड्या वेळाने कण्हणं थांबलं.

"पहाटेची पहिली गाडी," तो कुणालाच उद्देशून नाही असं बोलला. "काय धुकं आहे! आणि तो पुढच्या गाडीचा मागचा दिवा. त्याच्यावर नजर ठेवायची, बस्स. तेवढा वेळ दुसरं काही करायचंच नसतं."

शेजारी एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई होत्या. रूट कॅनॉल अर्ध्यावर आलेलं. त्यांना दुसऱ्याचं चुकीचं उत्तर ऐकून गप्प बसायची सवय नव्हती.

"धुकं कसलं? फळा आहे तो. नीट न पुसलेला."

"आणि लाल?"

"लाल खडूने कुणीतरी उत्तर लिहिलेलं. पुसलं गेलंय." बाई थोडं थांबल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "बरोबर होतं की चूक, आता कसं कळणार?"

मग दोघंही पुन्हा चित्राकडे बघायला लागले.

आठवडाभरात दवाखान्याचा रंगच पालटला. लोक वेळेच्या आधी येऊन बसायला लागले. नंबरबाईने "चार नंबर!" पुकारलं की कुणी उठायचं नाही.

"चार नंबर कोण आहे?"

"मीच. पण पाच नंबरला जाऊ द्या."

"मी नाही," पाच नंबर म्हणायचा. "मी आत्ता कुठे बसलोय."

एकदा वैतागून डॉक्टर स्वतः बाहेर आले, हातात चिमटा तसाच. चिमटा घेऊन बाहेर आलेला दातांचा डॉक्टर बघून एरवी माणसं जिन्यावरून उड्या टाकतात. इथे कुणी मानही वळवली नाही. उलट मागून एक जण म्हणाला, "जरा बाजूला होता का? दिसत नाही."

एक म्हातारं जोडपं तर रोज दुपारी यायचं. दोघांच्या तोंडात मिळून एकही स्वतःचा दात नव्हता.

"तपासायचंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय तपासणार?" म्हातारा म्हणाला. "बसलोय."

"आज तळं दिसतंय," म्हातारी म्हणाली. "काल नव्हतं दिसत."

खरं म्हणजे डॉक्टरांचा फायदाच होता. आत येणारी माणसं शांत असायची, खुर्चीचे हात घट्ट धरायची नाहीत, इंजेक्शन दिसलं की मावशीची शपथ घालायची नाहीत. पण डॉक्टरांच्या मनाला ते लागलं होतं. इतकी वर्षं झाली, त्यांच्या खुर्चीत आपणहून कुणी एक मिनिट जास्त बसलं नव्हतं, आणि बाहेर लोक एका राखाडी फडक्यासमोर ठाण मांडून बसले होते.

"मग तुम्ही पण बघा ना एकदा," बायको जेवताना म्हणाली.

"बघितलंय मी. राखाडी आहे."

"दाढ बघता तसं बघा. कुठे काय आहे, कुठे काय नाही."

"दाढेत काहीतरी असतं," डॉक्टर म्हणाले आणि पाणी प्यायले.

मग त्यांनी एक उपाय काढला. त्यांचा अनुभव असा होता, की दुखण्याला नाव मिळालं की माणूस निवांत होतो. नुसतं 'दुखतंय' म्हटलं तर घाबरतो, पण लांबलचक नाव सांगितलं की "असं होय" म्हणून मान डोलावतो. चित्राचंही तेच करावं. एकदा नाव लावलं की वाद संपला, लोक वेळेवर आत येतील. बसड्रायव्हर त्या दिवशी सकाळी त्यांच्या हाताची तारीफ करून गेला होता, म्हणून त्याचीच बाजू घ्यायचं ठरलं. डॉक्टरांनी एक कार्ड छापून चित्राखाली चिकटवलं: 'धुक्यातिल पहाट'.

परिणाम त्यांच्या अपेक्षेपेक्षा जास्त झाला. लोक येत, कार्ड वाचत, धुकं जागेवर आहे ना एवढंच वर बघून तपासत, "हां, धुकं" म्हणत आणि खिशातून मोबाईल काढत. मोबाईल कंटाळवाणा झाला की दाढ आठवे. दाढ आठवली की आतल्या यंत्राचा आवाज ऐकू येई. संध्याकाळपर्यंत दोघांना घरी गॅस चालू राहिल्याचं आठवलं. म्हातारं जोडपं थोडा वेळ बसलं. "आता तळं कसं बघायचं?" म्हातारीने विचारलं, आणि दोघं हळूहळू जिना उतरून गेली.

मुख्याध्यापिकाबाईंनी कार्ड वाचलं. पर्समधून लाल पेन काढलं. 'धुक्यातिल' मधल्या 'ति'ची वेलांटी खोडली, तिथे दीर्घ काढली, आणि समासात 'दहा वेळा लिहा' असं लिहिलं. मग नंबरबाईपाशी जाऊन म्हणाल्या, "माझी राहिलेली दाढ मी दुसरीकडे दाखवीन."

"अहो, तुमचा पुढचाच नंबर आहे!"

"ज्यांना फळा आणि धुकं यातला फरक कळत नाही, त्यांना माझ्या दाढेतलं काय कळणार?" आणि त्या गेल्या.

डॉक्टरांची त्या रात्रीची झोप उडाली. बाईंच्या रागामुळे नव्हे, पण आपण अर्धी सोडलेली एक दाढ गावात मोकळी फिरते आहे हे त्यांना सहन होईना.

कार्डाचं पुढे काय व्हायचं ते झालं. एकाने खाली लिहिलं, 'पहाट कशावरून? संध्याकाळ असेल.' दुसऱ्याने लिहिलं, 'हा धूर आहे.' तिसऱ्याने कुणाचा तरी फोन नंबर लिहून ठेवला. ताई आली तेव्हा ते कार्ड परीक्षेच्या पेपरसारखं दिसत होतं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं. खोली भरलेली होती.

"माझ्या चित्राला नाव दिलंत?"

"म्हणजे लोकांना जरा सोपं जावं म्हणून..." डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले.

"याला नाव देणं नाही म्हणत. याला नावं ठेवणं म्हणतात." तिने कार्ड सोललं आणि पर्समध्ये टाकलं.

डॉक्टरांचाही संयम सुटला. "मग तुम्हीच सांगा एकदाचं! काय काढलंय हे?"

बसड्रायव्हर टाके काढायला आला होता, तो खुर्चीच्या काठावर सरकला.

"खरं सांगू?" ताई म्हणाली. "फुलदाणी."

"काय?"

"फुलदाणी काढत होते. पिवळी. पण दोन्ही बाजू सारख्या होईनात. एका बाजूने गरोदर दिसायला लागली. तशीच दुरुस्त करत बसले, तर दुसऱ्या बाजूनेही दिवस गेल्यासारखी दिसायला लागली. मग वैतागले आणि वरून सगळं राखाडी फासलं. फासता फासता मजा यायला लागली, म्हणून मग थांबलेच नाही."

"आणि तो लाल?"

"एक फूल राहिलं तेवढं. त्याच्यावर हात फिरवावासा वाटला नाही."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. ते जमलेल्या लोकांकडे वळले. "ऐकलंत सगळ्यांनी? फुलदाणी! फसलेली फुलदाणी आहे ती!"

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. बसड्रायव्हरने डोकं खाजवलं.

"असेल की," तो म्हणाला. "फुलदाणीवर धुकं पडत नाही का?"

सगळ्यांना ते पटलं. माना पुन्हा चित्राकडे वळल्या. डॉक्टर आत गेले आणि उगाचच बराच वेळ हात धूत राहिले.

*

नशिबाला विनोद कळतो की नाही सांगता येत नाही, दाढेला मात्र कळतो. डॉक्टरांची स्वतःची खालची उजवी दाढ कधीपासून कुरकुरत होती, आणि ते दोन आरसे लावून तिच्याकडे बघायचे आणि ती काही नाही असं स्वतःला सांगायचे. पेशंटने असं केलं असतं तर त्यांनी त्याची बत्तिशी बाहेर काढून हातात दिली असती.

"हल्ली डाव्या बाजूनेच का खाताय?" बायकोने विचारलं.

"सवय आहे."

"अहो, इतकी वर्षं तुमच्यासमोर बसून जेवतेय. तुमची सवय उजवी."

शेवटी गाल फुगला तेव्हा त्यांनी आपल्या वर्गमित्राला फोन केला. कॉलेजात त्याला सगळे 'अक्कलदाढ' म्हणत. कारण तो वर्गात सगळ्यात उशिरा आला, आणि आल्यावर सगळ्यांना त्रास दिला. पुढे तो त्या दाढेचाच तज्ज्ञ झाला. दुसऱ्याच्या दवाखान्यात गाल धरून बसलेलं कुणी बघू नये, म्हणून डॉक्टरांनी त्याला सुट्टीच्या दिवशी आपल्याच दवाखान्यात बोलावलं. नंबरबाईही आली. सुट्टी होती, पण डॉक्टरांचा दात काढला जाताना घरी बसणं तिला जमलं नसतं.

अक्कलदाढ उशिराच आला. आला आणि म्हणाला, "तू बाहेर बस. मी हत्यारं माझ्या पद्धतीने लावून घेतो."

"दवाखाना माझा आहे!"

"तोंडही तुझंच आहे. बाहेर बस."

नंबरबाईने त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली. त्यावर एक नंबर लिहिलेला होता.

"माझ्याशिवाय इथे आहे कोण?" डॉक्टर म्हणाले.

"पद्धत म्हणजे पद्धत. हाक मारीन."

डॉक्टर त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. आपल्याच दवाखान्यात त्या खुर्चीत ते कधी बसले नव्हते. ती पाठीला टोचत होती. मोबाईल आत कोटात राहिला होता. मासिकातलं शब्दकोडं बघितलं तर 'अवयव, दोन अक्षरी'च्या जागी कुणीतरी 'डॉक्टर' कोंबला होता. आतून ट्रेमध्ये हत्यारं ठेवल्याचा किणकिण आवाज आला. तो आवाज त्यांनी जन्मभर ऐकला होता, पण आतून. बाहेरून तो अगदी निराळा होता. घरी गॅस चालू राहिलाय की काय, असा एक विचार त्यांच्या मनात स्पष्टपणे येऊन गेला.

मग दुसरीकडे बघायला काही नव्हतं म्हणून त्यांनी समोर बघितलं.

राखाडी. पांढरा पट्टा. ठिपका. बायको म्हणाली होती तसं त्यांनी दाढ बघावी तसं बघायला घेतलं. कडेपासून. पांढऱ्याच्या कडेला रंग पातळ झाला होता, आणि त्यातून मागचा राखाडी दिसत होता. धुऊन धुऊन विरलेल्या कापडातून पलीकडचं दिसतं तसा. ओल्या कापडातून. ओल्या चादरीतून.

आणि मग ते त्यांनी आठवलं नाही, ते आपोआप आलं. घरामागची जागा, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, आणि दोन चादरींच्या मधे उभे असलेले ते स्वतः. वय लहान. पुढचा दात हलत होता. वडिलांनी त्याला बांधायला दोरा काढला होता, दोऱ्याचं दुसरं टोक दाराच्या कडीला अडकवून ठेवलं होतं, आणि ते तिथून पळाले होते. गार ओलं कापड नाकाला लागत होतं. साबणाचा वास. पांढऱ्यातून झिरपणारा उजेड. श्वास रोखून धरलेला. आणि पलीकडून आईचा आवाज.

"कुठे गेला बाई हा? आत्ता तर इथे होता."

तिची पावलं जवळ आली, अगदी चादरीपाशी थांबली आणि परत गेली. पुन्हा आली. "इथेही नाही. गाव सोडून गेला वाटतं." मग लांबून वडिलांचा आवाज, आणि तिचं उत्तर, "अहो, सापडतच नाही हो!"

आपण आईला काय फसवलं, या आनंदात ते तिथे कितीतरी वेळ उभे होते. शेवटी घट्ट मिटलेल्या तोंडात तो दात आपला आपणच पडला, आणि ते मूठ पुढे करून बाहेर आले. ही गोष्ट त्यांनी पुढे विजय म्हणूनच लक्षात ठेवली, आणि नंतर विसरूनही गेले.

पण चादर गुडघ्यापर्यंतच होती. ते आज, या वयात, सुजलेला गाल धरून बसले असताना त्यांच्या लक्षात आलं. चादर गुडघ्यापर्यंत होती आणि त्यांच्या पायात लाल चपला होत्या. आईला ते पहिल्यापासून दिसत होते.

डॉक्टर हसायला लागले. हसताना दाढेतून कळ गेली, तरी हसू थांबेना, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते नक्की कशाचं हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"नंबर एक!" नंबरबाईने पुकारलं. किल्लीवाला नक्की दचकला असणार. डॉक्टर हलले नाहीत. "नंबर एक!" मग ती काउंटरमागून बाहेर आली. तिने त्यांच्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, आणि आत जाऊन अक्कलदाढेला म्हणाली, "ते बघतायत. तुम्ही तोवर चहा घ्या."

*

संध्याकाळी घरी गेल्यावर डॉक्टरांनी कपाटातून आईचा फोटो काढला. अर्धं तोंड बधिर होतं. वडिलांनी काढलेला फोटो, दारात उभी असलेली आई, ओठ घट्ट मिटलेले. आईचे सगळेच फोटो असे होते. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि या मिटलेल्या ओठांवरून डॉक्टरांनी फार पूर्वीच निदान करून टाकलं होतं: पुढच्या दातांत फट असणार, लाजत असणार. प्रत्यक्ष तिचे दात कसे होते हे, गंमत म्हणजे, त्यांना आठवतच नव्हतं. बघायचं शिकले तोवर ती गेली होती.

आज त्यांनी ओठ सोडून बाकीचं बघितलं. डोळ्यांच्या कडा आवळलेल्या. हनुवटीला बारीक खळगा. खांदे किंचित वर. फोटो काढायला वडील फार वेळ लावायचे. एक डोळा मिटायचे, मागे सरायचे, मागच्या कुंडीला अडखळायचे.

"काय बघताय एवढं?" बायको शेजारी येऊन बसली. "दात तर दिसतच नाहीत त्यांचे."

"हफतेय ती," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"हफतेय!"

"हसतायत?"

डॉक्टरांनी जोरजोरात मान हलवली. बायकोने फोटो उजेडात धरला. "अगं बाई," ती म्हणाली. "हसू दाबतायत की!"

मग डॉक्टरांनी तिला चादरीची गोष्ट सांगितली. बधिर ओठांनी सांगितली, त्यामुळे तिला ती दोनदा ऐकावी लागली. "कुथे गेला बाई हा," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. इंजेक्शन डोक्यात गेलं की काय म्हणून बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. पण डॉक्टर ते वाक्य जिभेवर घोळवत होते. त्यात 'कुठे'ला काही अर्थच नव्हता, कुठे ते तिला माहीत होतं. 'गेला'लाही नव्हता, कारण ते कुठे गेलेच नव्हते. सगळं काही त्या 'बाई'त होतं. तिथे दुसरी बाई कोणीच नव्हती. आपल्याला सापडलेली गंमत सांगायला तिला कुणीतरी हवं होतं, म्हणून तिने स्वतःलाच हाक मारली होती.

"मला कधी नाही असं लपता आलं," बायको म्हणाली. "आमच्या ताईला सगळं लगेच सापडायचं. आणि ती ओरडायची, 'सापडली!'"

ताईचं नाव निघालं तशी डॉक्टरांनी तिला फोन लावला.

"आणखी एक चित्र हवंय."

"नावं ठेवायला?"

"छताला," डॉक्टर म्हणाले. बधिरपणा आता उतरत होता. "माणूस खुर्चीत आडवा होतो तेव्हा त्याला काय दिसतं मी आज बघितलं, ताई. एक ट्यूबलाइट, ओलीचा एक डाग, आणि डॉक्टरच्या नाकपुड्या."

"अरे देवा," ताई म्हणाली. "दाराचं माप घेऊन ठेवते."

या वेळी तिने हिरवं काढलं. हिरवं, निळं आणि त्यातून जाणारं काहीतरी, जे कधी वाट वाटे, कधी नुसती भेग. कशावरून सुरुवात केली ते डॉक्टरांनी विचारलं नाही. सुतार शिडीवर चढून स्क्रू पिळत असताना त्यांनी कोट काढला आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या शाळेत गेले.

बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "'धुक्यातील' मधली 'ती' कोणती?"

"दीर्घ," डॉक्टर म्हणाले. "चुकलंच."

"शुद्धलेखन सुधारता येतं हो. पण तो फळा होता."

"फळाही होता."

"'ही' नको."

"फळा होता," डॉक्टर म्हणाले. "बाई, तुमची दाढ अर्धी राहिलीय. ती पुरी करू द्या. मग वाटेल तेवढं रागवा."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. दाढही बहुधा त्यांच्या बाजूने बोलत नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी त्या आल्या. बाहेर चित्रासमोर नेहमीच्या जागी बसल्या, बसड्रायव्हरच्या धुक्याबद्दल म्हाताऱ्या जोडप्याशी दोन शब्द बोलल्या, आणि नंबर पुकारल्यावर निमूट आत आल्या. खुर्ची मागे गेली. डॉक्टरांनी "आ" म्हटलं. बाईंनी आ केला आणि त्यांची नजर वर गेली.

सुई, कापूस, यंत्र. डॉक्टर काम करत होते. थोड्या वेळाने बाईंचा हात वर आला. डॉक्टरांनी यंत्र थांबवलं.

"दुखतंय?"

बाईंनी मानेने नाही म्हटलं. तोंडात कापूस होता, नळी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच उत्तर येत असून त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी बोट छताकडे केलं आणि हवेत एक रेघ काढली. सरळ वर, मग वळून उजवीकडे, मग एका जागी थांबून बोट दोनदा टेकवलं.

डॉक्टरांनी मान वाकवून वर बघितलं. त्यांना काही दिसलं नाही.

"पुन्हा दाखवा," ते म्हणाले.

बाईंनी पुन्हा दाखवलं, या वेळी सावकाश, मागच्या बाकावरच्या मुलाला दाखवावं तसं. डॉक्टरांनी यंत्र ट्रेमध्ये ठेवलं, स्टूल बाईंच्या शेजारी ओढलं, मान मागे टाकली, आणि ते दोघंही आ वासून वर बघत राहिले.